छायाचित्र उजळावे, चेहरा घडवू नये

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे पाठवावीत, असे आवाहन आम्ही माजी विद्यार्थ्यांना व पालकांना केले, तेव्हा फार काही हाती लागेल अशी आमची अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात पंधरवड्यातच कार्यालयातील टेबल भरून गेले. पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, दाखल्यांच्या पिशवीत जपलेली समूहछायाचित्रे, वाळवीने एक कोपरा खाल्लेली फ्रेम, वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे, परीक्षेच्या अर्जासाठी काढलेल्या तीन प्रतींपैकी उरलेली एखादी प्रत. आणि मोबाइलवरून आलेल्या फोटोंचा तर पूरच. बहुतेक प्रत्येक फोटोसोबत एक विनंती होती : 'सर, जरा क्लिअर करून छापा.'

विनंती साधी आहे. ती पुरी करण्याची साधनेही आज कोणाच्याही खिशात आहेत. तरीही छायाचित्रांचे काम पाहणाऱ्या आम्हा चौघांमध्ये सर्वाधिक वाद झाला तो याच एका गोष्टीवरून. 'क्लिअर करणे' म्हणजे नेमके काय करणे, आणि ते कोठवर करावे? त्या वादातून आमचे जे मत बनले, ते येथे मांडत आहोत. ते सर्वांना पटेल असे नाही. आमच्यातील एकास ते अद्याप पूर्णपणे पटलेले नाही.

हा प्रश्न आम्हास किरकोळ का वाटला नाही, ते आधी सांगावयास हवे. आमच्या पिढीतील अनेकांच्या घरी अल्बम नावाची वस्तूच नव्हती. आजोबांचा एकही फोटो नाही, आजीचा एक, तोही निराधार योजनेच्या कागदपत्रांसाठी काढलेला. वडिलांचा फोटो म्हणजे कारखान्याचे ओळखपत्र. अशा घरांतून जी मुले या निवासी शाळेत आली, त्यांच्या बालपणाची एकमेव खूण म्हणजे वर्षाअखेरीस मैदानावर बाके मांडून काढलेला तुकडीचा फोटो. ज्यांच्याकडे शंभर फोटो आहेत, त्यांचा एखादा बिघडला तर नव्व्याण्णव उरतात. ज्याच्याकडे एकच आहे, त्याच्यासाठी तो फोटो म्हणजे आठवण तर खरीच, पण पुरावाही होय : मी होतो, येथे होतो, असा होतो.

आता मूळ गोष्टीकडे. चित्रातही वारंवारता असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. हा शब्द आपण आवाजाशी किंवा विजेशी जोडतो. चौदा एप्रिलच्या रात्री मिरवणूक दोन चौक पलीकडे असते, तेव्हा कानावर येतो तो केवळ ढोलाचा घुमा. मिरवणूक जवळ येऊ लागली की झांज ऐकू येते, मग गाण्याचे शब्द कळतात. शब्द लांबूनही गायले जातच होते. परंतु आवाजातील बारीक, शीघ्र कंपने वाटेत विरून गेली आणि जाडी, संथ कंपने तेवढी पोहोचली. चित्राचेही तसेच आहे. कोणतेही चित्र उजेड-अंधाराच्या चढउतारांचे बनलेले असते. काही चढउतार संथ असतात : गालाची गोलाई, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्याकडे मावळत जाणारे ऊन, मागील भिंतीवरची छाया. काही शीघ्र असतात : भुवईचे केस, सदऱ्याच्या बटणाची कड, फलकावरील अक्षरे. ठरावीक अंतरात हा चढउतार जितक्या वेळा होतो, ती त्याची वारंवारता. धूसर फोटोत ढोल शिल्लक असतो, झांज हरवलेली असते.

फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२२ साली उष्णतेच्या प्रसारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कितीही वेडावाकडा चढउतार साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो, हे त्यातील गणिताचे मर्म. धातूची सळई तापते कशी, याचा विचार करताना घडलेले ते गणित आज प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात राबत आहे.

आमच्या परिसरातील वाचकांना याहून जवळचे उदाहरण देता येईल, आणि ते आम्हास एका माजी विद्यार्थ्यानेच दिले. हे गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत. ग्राइंडिंग होऊन आलेल्या जॉबचा पृष्ठभाग तपासताना हिऱ्याच्या टोकाची सुई त्यावरून फिरते आणि पृष्ठभागाचा चढउतार नोंदवते. त्या नोंदीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : मशीनच्या थरथरीने आलेली लांब लाट आणि चाकाच्या कणांनी ओढलेले बारीक ओरखडे. लाट निराळी, खडबडीतपणा निराळा. दोहोंची कारणे निराळी आणि उपायही निराळे. म्हणून यंत्रात 'कटऑफ' लावतात. साधारणपणे तो ०.८ मिलिमीटरचा असतो. त्याहून लांब चढउतार एकीकडे, आखूड दुसरीकडे. असे पाच तुकडे मिळून ४ मिलिमीटरची नोंद घेतली जाते. 'सर, तुम्ही फोटोला जे करता ते हेच की,' असे ते म्हणाले. अगदी हेच. फोटोत सुई नसते आणि चढउतार उंचीऐवजी उजेडाचा असतो, इतकाच फरक.

आता फोटो रेखीव करण्याची रीत पाहू. मूळ फोटोची एक प्रत मुद्दाम धूसर करावयाची. मूळ फोटोतून ही धूसर प्रत वजा केली की उरतात त्या केवळ कडा आणि बारकावे. ते थोडे वाढवून मूळ फोटोत मिळवावयाचे, की फोटो ठसठशीत दिसू लागतो. धूसर प्रतीच्या साहाय्याने चित्र स्पष्ट होते, हे ऐकताना उलटे वाटते खरे. पण ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. डार्करूमच्या काळात निगेटिव्हवरून एक फिकट, मुद्दाम अस्पष्ट पॉझिटिव्ह काढून, ती निगेटिव्हला जोडून दोहोंतून छपाई करीत. संगणकावरील आजच्या साधनांत या क्रियेला जे 'अनशार्प मास्क' असे नाव आहे, ते त्या फिल्मवरूनच आले आहे.

मात्र मीठ किती घालावे याला जसा अंदाज लागतो, तसा येथेही लागतो. बारकावे अधिक वाढविले की प्रत्येक कडेला पांढरी रेघ उमटते. आमच्या पहिल्या प्रयत्नात मुख्याध्यापकांच्या मस्तकाभोवती स्वच्छ प्रभामंडळ उमटले होते. ते त्यांना दाखविले असता, 'हे मात्र राहू द्या,' असे ते हसून म्हणाले. आम्ही राहू दिले नाही.

यातील महत्त्वाची बाब अशी की, या क्रियेत बाहेरून काहीही येत नाही. कागदावर जे दुबळ्या स्वरूपात नोंदले गेले होते, तेच वर उचलले जाते. जे नोंदलेच गेले नाही ते कितीही वाढविले तरी शून्यच राहते. उलट कागदाचा रवा आणि धूळ तेवढी वाढते. म्हणून ही क्रिया आम्ही प्रामाणिक मानतो.

कधी कधी वाढविण्यापेक्षा काढून टाकणे अधिक उपयोगी पडते. एका काळी स्टुडिओतून फोटो रेशमी पोताच्या कागदावर छापून मिळत. हातात तो कागद मोठा राजस दिसतो, पण स्कॅन केला की चेहऱ्यावर जाळी पसरते. जाळी नियमित असल्यामुळे वारंवारतेच्या नकाशात ती चार-सहा ठळक ठिपक्यांच्या रूपाने वेगळी दिसते. ते ठिपके अलगद पुसून चित्र पुन्हा मांडले की जाळी नाहीशी होते आणि चेहरा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. वर्तमानपत्राच्या कात्रणांतील छपाईच्या ठिपक्यांचेही असेच. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीसह उभ्या असलेल्या दोन मुलींचा फोटो केवळ कात्रणाच्या रूपाने उरला होता. तो या अंकात ज्या स्थितीत दिसतो, ती या पुसण्याची किमया. ठिपके छापखान्याने घातलेले होते, मुलींच्या चेहऱ्यावरचे नव्हते. त्यांना घालविण्यात आम्हास कसलाही संकोच वाटला नाही.

मोबाइलवरून आलेल्या फोटोंनी मात्र आम्हास फार रडविले. निरोपाच्या ॲपवरून फोटो पाठविला की तो लहान होतो आणि दाबला जातो. हे दाबणे वारंवारतेच्याच हिशेबाने चालते. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील चढउतार ६४ नमुन्यांच्या मिश्रणाच्या रूपात लिहिला जातो. मग ज्या शीघ्र वारंवारता डोळ्यांना फारशा जाणवत नाहीत, त्या कमी अचूकतेने ठेवल्या जातात किंवा टाकून दिल्या जातात. या गणितामागे बंगळूरला जन्मलेले नसीर अहमद हे अभियंते आहेत. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले आणि जगभरातील फोटो आज त्याच्या बळावर प्रवास करीत आहेत. त्या उपकारांविषयी आम्हास आदरच आहे. परंतु आजच्या फोटोतून जे थोडे गेले ते खपून जाते. समूहछायाचित्रातील वाटाण्याएवढ्या चेहऱ्यातून तेवढेच गेले, तर चेहराच जातो. म्हणून एक कळकळीची विनंती : फोटोचा फोटो काढून पाठवू नये, मूळ प्रत शाळेत आणून द्यावी, आम्ही समक्ष स्कॅन करून लगेच परत करतो. येणे शक्यच नसेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तसा पाठविला तर तो दाबला जात नाही.

जोडकाम हा यापुढचा विषय, आणि येथून वाट निसरडी होते.

एका तुकडीच्या फोटोच्या दोन प्रती आमच्याकडे आल्या. एकीचा डावा भाग पावसाच्या पाण्याने गेलेला, दुसरीचा उजवा भाग उन्हाने फिकुटलेला. एक पिवळसर, एक काळवंडलेली. दोन चांगले अर्धे जोडावेत, हे उघड होते. परंतु कात्री लावल्यासारखे जोडले तर मधल्या रांगेतील एका मुलाच्या नाकावरून शिवण जाते; आणि दोन्ही प्रती रुंद पट्ट्यात एकमेकींत मिसळल्या तर त्या पट्ट्यातील मुलांना चार डोळे फुटतात. आपल्या आकुर्डी-निगडीच्या चौकांतील वाढदिवसांचे फ्लेक्स जवळून पाहिले असतील, तर मानेपाशी हे दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. यावरचा उत्तम उपाय पीटर बर्ट आणि एडवर्ड ॲडेल्सन या संशोधकांनी १९८३ साली मांडला. अर्धे सफरचंद व अर्धे संत्रे यांचे एकजीव फळ करून त्यांनी तो दाखविला होता. दोन्ही चित्रांचे वारंवारतेनुसार थर पाडावयाचे. संथ थर, म्हणजे रंगछटा आणि उजेड, रुंद पट्ट्यात सावकाश मिसळावयाचे. शीघ्र थर, म्हणजे कडा आणि बारकावे, अगदी अरुंद पट्ट्यात जोडावयाचे. मग थरांची पुन्हा बेरीज. आमची शिवण कोठे आहे, ते आता आम्हासही शोधून सापडत नाही.

त्या दोन्ही प्रती एकाच निगेटिव्हवरून निघालेल्या होत्या. एकाच क्षणाचे दोन साक्षीदार आम्ही एकत्र बसविले, इतकेच. पण हे कौशल्य दिसताच दुसरी विनंती आली, आणि ती अतिशय प्रेमाने केलेली होती. वसतिगृहाचे स्वयंपाकघर ज्या मावशींनी वर्षानुवर्षे सांभाळले, त्या कोणत्याच समूहछायाचित्रात नाहीत. फोटोच्या वेळी त्या चुलीपाशी असत. एका तुकडीने सुचविले की त्यांच्या दुसऱ्या एखाद्या फोटोवरून त्यांना पहिल्या रांगेत, शिक्षकांच्या मधोमध बसवावे. शिवण दिसणार नव्हती. पुढील पिढीला ते खरेच वाटले असते.

आम्ही नकार दिला. त्यावर बराच राग ओढवून घेतला. आमचे म्हणणे असे की, मावशी त्या फोटोत नाहीत ही गोष्ट त्यांच्याविषयी काही सांगत नाही, आपल्याविषयी सांगते. त्या दिवशी कोणालाही त्यांना हाक मारून बाकावर बसविणे सुचले नाही. आज संगणकावर त्यांना बसवून आपण त्यांचा सन्मान करीत नाही, आपली चूक पुसतो. बँकेच्या पासबुकासाठी काढलेला त्यांचा एक फोटो त्यांच्या मुलीने दिला. तो या अंकात स्वतंत्र पानावर आहे, कोणत्याही रांगेत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या त्या ॲपविषयी, ज्यांत धूसर फोटो टाकला की काही क्षणांत लखलखीत चेहरा बाहेर येतो. वर सांगितलेल्या रीतीशी यांचा संबंध केवळ नावापुरता आहे. फोटोत शीघ्र वारंवारता उरलेल्याच नसतील, तर त्या कोठून तरी आणाव्या लागतात. हे ॲप त्या इतरांच्या चेहऱ्यांवरून आणते. असंख्य फोटो पाहून त्याने माणसाचे डोळे, दात, त्वचा कशी असते याचा अंदाज बांधलेला असतो. आपल्या धूसर ठिगळाशी जुळेल असा एक चेहरा ते त्या अंदाजातून घडविते. एका धूसर ठिगळाशी जुळणारे चेहरे हजारो असू शकतात. त्यांपैकी कोणता निवडला जाईल, हे त्याला कोणाचे चेहरे दाखवून शिकविले यावर ठरते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली असे एक साधन प्रसिद्ध केले. ते सोळा गुणिले सोळा बिंदूंच्या चेहऱ्यावरून १०२४ गुणिले १०२४ बिंदूंचा चेहरा तयार करी. बराक ओबामा यांचा फोटो तसा बारीक करून कोणीतरी त्यात घातला, तेव्हा बाहेर आला तो एक गोरा माणूस. ओबामांचा चेहरा जगाला ठाऊक आहे, म्हणून चूक त्याच दिवशी पकडली गेली. आपल्या आजीचा चेहरा जगाला ठाऊक नाही.

चाकणच्या ज्या माजी विद्यार्थ्याचा उल्लेख वर केला, त्यांच्या घरी हेच घडले. त्यांचे थोरले बंधूही याच शाळेचे विद्यार्थी. ते तरुणपणीच गेले, आणि समूहछायाचित्रातील तिसऱ्या रांगेतील चेहरा हीच त्यांची एकमेव प्रतिमा. फोटो हलका धूसर आहे, कारण ऐन वेळी त्या मुलाने मान हलविली असावी. बंधूंनी मोबाइलवर फोटो काढून एका ॲपमध्ये घातला. देखणा, हसरा, नितळ कांतीचा मुलगा तयार झाला. त्यांनी तो मोठा करून काळभोरनगरच्या घरी आईला नेऊन दाखविला. आईने पुष्कळ वेळ पाहिला आणि परत केला. "हे माझं लेकरू न्हाई," इतकेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी जुना फोटो मागितला आणि त्या पुसट घोळक्यात क्षणार्धात बोट ठेवले. डावा खांदा किंचित खाली टाकून उभे राहण्याची त्याची सवय होती. ती संथ वारंवारतेत शाबूत होती.

पुढे ती मूळ प्रत आमच्याकडे आली. इंचाला १२०० बिंदूंनी स्कॅन केली, कागदाची जाळी काढली, बारकावे बेताने उचलले. चेहरा फारसा सुधारला नाही. हललेली मान कोणत्याही गणिताने सरळ झाली नाही. पण मानेखाली सदरा स्थिर होता. त्याच्या कॉलरजवळ एक ठिगळ दिसू लागले, निराळ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेले. ॲपने दिलेल्या मुलाचा सदरा नवा कोरा, इस्त्रीचा होता. ठिगळ हा दोष समजून त्याने ते गुळगुळीत करून टाकले होते. सुधारलेली प्रत घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. "हा टाका माझाच हाय," आई म्हणाल्या, आणि त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरविला.

या प्रसंगानंतर आमच्यातील वाद बऱ्याच अंशी मिटला. पुसले जाते ते नेमके काय, हे आम्हास दिसले. ठिगळ, आजीच्या कपाळावरील गोंदण, उन्हाने रापलेला रंग, देवीचे व्रण : ज्या यंत्राला नितळपणाची ओढ आहे, त्याला हा सारा मळ वाटतो. समारंभाचे फोटो काढणारे आमचे काही मित्र वारंवारतेचेच दोन थर करून त्वचेचे डाग घालवितात आणि छटा तशाच ठेवतात. लग्नातील नवरीने हौसेने ते करवून घ्यावे. तिच्याजवळ आरसा आहे, उद्याचे शंभर फोटो आहेत. गेलेल्या माणसाला आपण विचारू शकत नाही.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते पोकळ नाही. जुन्या स्टुडिओतही निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करीत असत, मिटलेले डोळे रंगाने उघडीत असत, काळ्या-पांढऱ्या फोटोत गुलाबी गाल भरीत असत. मग आजच्यांनीच कोणते पाप केले? यावर आमचे म्हणणे एवढेच की, त्या कारागिराचा कुंचला दिसत असे. गुलाबी गाल रंगविलेले आहेत, हे घरातील लहान मुलालाही कळे. आजच्या कामात हात दिसत नाही. आणि पन्नास वर्षांनी कोणी ही स्मरणिका उघडील, तेव्हा सांगावयाला आपण असणार नाही.

मग करावे काय? याचे उत्तर आम्हास चाकणच्याच रस्त्यावर, जरा पुढे गेल्यावर सापडले. राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शाळेची सहल तेथे गेली होती, तेव्हा त्या तारांच्या अवाढव्य परड्या पाहून मुलांनी पहिला प्रश्न विचारला होता की, फोटो कोणती परडी काढते? एकही नाही. अँटेनांची प्रत्येक जोडी आकाशातील चित्राची केवळ एक वारंवारता मोजते. येथे वारंवारता म्हणजे रेडिओ लहरींची नव्हे, वर सांगितली ती, चित्रातील चढउताराची. जवळच्या जोड्या संथ चढउतार टिपतात, दूरच्या जोड्या बारकावे. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. पृथ्वी फिरते तशा त्यांच्या दिशा बदलतात, नवनव्या वारंवारता मोजल्या जातात, आणि त्या सर्वांच्या बेरजेतून चित्र उभे राहते. दुर्बिणीला फोटो मिळतच नाही, केवळ त्याचे सूर मिळतात.

आणि तरीही काही सूर निसटतात. सर्वांत दूरच्या जोडीहून बारीक असे काही मोजता येत नाही, सर्वांत जवळच्या जोडीहून पसरट असे काही दिसत नाही, मध्येही फटी राहतात. खगोलशास्त्रज्ञ त्या फटी गणिताने भरून काढतात. न भरता चित्र वाचनीय होत नाही. परंतु त्यांची एक रीत आहे, जी आम्हास विलक्षण आवडली. प्रसिद्ध करावयाच्या चित्राच्या कोपऱ्यात ते एक छोटा लंबगोल काढतात. याहून बारीक जे काही दिसेल त्यावर विसंबू नका, असा त्याचा अर्थ. आपली दृष्टी कोठे संपते, हे ते चित्रावरच लिहून ठेवतात.

या अंकात आम्ही तीच रीत आपल्यापरीने पाळली आहे. ज्या फोटोखाली काहीच लिहिलेले नाही, त्यात केवळ जाळी, डाग काढणे आणि बारकावे उचलणे एवढेच केलेले आहे. जेथे दोन प्रती जोडल्या, तेथे 'दोन प्रतींवरून' असे लिहिले आहे. फाटून गेलेला आकाशाचा किंवा भिंतीचा तुकडा जेथे भरला, तेथे 'डावा कोपरा भरलेला' असे सांगितले आहे. चेहरा मात्र एकाही ठिकाणी भरलेला नाही. काही चेहरे यामुळे धूसर राहिले, याची आम्हास जाणीव आहे. त्यावर साधा उपाय केला : असे फोटो लहान छापले. ६०० बिंदू रुंदीचा फोटो पानभर ताणला तर इंचाला शंभरही बिंदू येत नाहीत. तोच पाच सेंटीमीटर रुंदीचा छापला तर तीनशे येतात आणि डोळ्यांना उणीव भासत नाही. 'आमचाच फोटो एवढासा का?' असे ज्यांना वाटेल, त्यांनी कृपया हे ध्यानात घ्यावे. त्यात पक्षपात नाही.

सर्व मूळ स्कॅन, कोणतीही दुरुस्ती न करता, शाळेच्या ग्रंथालयात दोन स्वतंत्र डिस्कवर ठेवले आहेत. उद्या अधिक चांगली साधने येतील, आमच्याहून जाणती माणसे येतील. त्यांना आमच्या दुरुस्त्यांवरून नव्हे, मुळावरून काम करता यावे. ज्यांना आपल्या घरच्या फोटोची प्रत हवी असेल, त्यांना दुरुस्त प्रतीबरोबर मूळ प्रतही दिली जाईल. केवळ दुरुस्त प्रत देणार नाही, हा आमचा हट्ट समजावा.

एक काम अपुरे आहे. पहिल्या तुकडीच्या फोटोत दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा मुलगा कोण, हे अद्याप कोणी सांगू शकलेले नाही. हजेरीपत्रकातील सर्व नावे इतर मुलांना लागली; तो शिल्लक राहिला, म्हणजे बहुधा तो त्या वर्षी मध्येच शाळा सोडून गेला असावा, किंवा कोणाचा तरी भाऊ त्या दिवशी भेटावयास आला असावा. फोटो मोठा करून सभागृहाच्या प्रवेशाजवळ लावला आहे. जवळून पाहिला तर केवळ रवा दिसतो. चार पावले मागे सरून पाहावा. आणि कोणास ओळख पटली तर कार्यालयात नाव लिहून द्यावे.